कॉट बेसिस

कुंजीरने आधी टाकीचं माप विचारलं,
मग पाण्याचं: नळाचं की बोअरचं?
नळाचं, म्हटलं, पण एप्रिल-मेमध्ये
बोअरचं मिसळावं लागतं.
त्याने मान हलवली,
मुलाचा पगार ऐकून वधूपिता हलवतो तशी.

नवी पेठेत एकवीस वर्षं मुली ठेवते मी.
तीन खोल्या, अकरा कॉट, एक गीझर.
पहाटे चारला उठणारी
आणि पहाटे चारला झोपणारी
एका खोलीत टाकायची नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.
त्यामुळे दुकानात शिरताना वाटलेलं,
मासे काय, दहा मिनिटांचं काम.

गोल्डफिश नको, तो म्हणाला,
झाडं उपटतो, आणि घाण करतो ती वेगळीच.
एंजल आज रुपयाएवढा आहे;
दिवाळीपर्यंत निऑन एकेक कमी होतील
आणि तुम्ही मलाच फोन कराल, गेले कुठे?
फायटर देखणा, पण गप्पीची शेपूट दिसली
की त्याला भाऊबंदकी आठवते.
तळाला कोरीडोरास घ्या, सहा.
वाळू बारीक हवी, खडीने त्यांच्या मिशा झिजतात.
मध्ये रासबोरा, दहा-बारा.
वरच्या अंगाला हनी गुरामीची एक जोडी,
ती लाजरी आहेत, त्यांना तरंगती पानं लागतील.

मी बोट दाखवलं: आणि ते पट्ट्यापट्ट्यांचे?

टायगर बार्ब. दहा असले
तर आपापसात भांडतात, त्यात त्यांचं भागतं.
तीनच ठेवलेत
तर जो संथ आहे, ज्याचे पर लांब आहेत,
त्याचे कुरतडतात.
मारत नाहीत, काकू. नुसते कुरतडतात.
मग तो खाणं सोडतो.

मधली खोली. खिडकीकडची कॉट.
ज्योत्स्ना खिल्लारे, जिंतूरची.
बाकी तिघी एकाच कॉलेजातल्या,
चांगल्या मुली, भाडं वेळेवर.
भांडण नाही, आवाज नाही.
तिचा एखादा शब्द उचलून आपसात म्हणून बघायचा,
तिने डबा उघडला की खिडकी उघडायची,
एवढंच.
दोनदा आली होती माझ्याकडे:
काकू, दुसरीकडे कॉट रिकामी होतीये का?
जुळवून घे गं, म्हटलं मी, सगळ्याच घेतात.
दसऱ्यानंतर तिचे वडील आले,
जिन्यातच उभे राहिले, वर आले नाहीत.
डिपॉझिट पूर्ण परत केलं मी,
एक पैसा कापला नाही,
आणि कितीतरी दिवस मला वाटत होतं
मी चांगली वागले.

कुंजीर जाळी घेऊन थांबला होता.
मग म्हणाला, मासे आज नकाच नेऊ.
महिनाभर नुसती झाडं ठेवा.
पाणी दिसायला स्वच्छ असतं,
राहण्याजोगं व्हायला वेळ लागतो.

तर आता चपलांच्या रॅकशेजारी तीन फुटी टाकी,
मागे वॅलिसनेरिया, लाकडाला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न,
आणि येताजाता मुली विचारतात,
काकू, मासे कॉट सोडून गेले का?

चौथ्या दिवशी क्रिप्टची पानं वितळली,
अक्षरशः, शिजलेल्या पालकासारखी.
फोन केला. कुंजीर म्हणाला,
जागा बदलली की होतं असं.
उपटू नका. मूळ जिवंत असतं.

रजिस्टर काढून ठेवलंय, चार वर्षांपूर्वीचं.
तिचा नंबर आहे त्यात, वडिलांचाही.
चष्मा लावून दोनदा वाचला.
लावायचाय.

काल रात्री दिवा घालवायला गेले
तर काचेवर एक गोगलगाय,
तिळाएवढी,
झाडांबरोबर आलेली, न विचारता.
कुठल्याच यादीत नव्हती.
हिरवा थर चाटत चालली होती,
आणि तिच्यामागे काचेवर
बोटभर लांब, स्वच्छ वाट.